जेवणाची गाडी आली का?

प्रोजेक्टर आमच्याहून जास्त तापलाय.
बाहेर बेचाळीस. सोलापूरचा एप्रिल.
समोर चाळीस निवासी डॉक्टर, निम्मे रात्रपाळीतून थेट आलेले;
कुणाच्या तरी पिशवीत शेंगाचटणीचा पुडा आहे,
वास माईकपर्यंत येतोय.

मी म्हणते, रोगी न्यूमोनियाचा असो की पाय सडलेला,
साखर त्याच्यासोबतच भरती होते.
केसपेपरवर तिचं नाव शेवटच्या ओळीत,
कधी तेही नाही.
तीनशे दिसली की सहा युनिट टोचायचं,
सहा तासांनी पुन्हा मोजायची, पुन्हा टोचायचं.
याला आपल्यात काय म्हणतात?
मागून आवाज येतो: साप गेल्यावर भुई धोपटणं.
पेंगणारे दोघे हसत हसत जागे होतात.

मग मी माग काढते. या शहरात दुसरं काय काढणार?
दिवसभराचं इन्सुलिन म्हणजे ताणा,
तो आधीच लावलेला हवा,
आणि जेवणागणिक एकेक धोटा फिरवायचा.
उपमा जमली. टाळ्या पडल्या.
उपमेने अजून कुणाची साखर आटोक्यात आलेली नाही.

म्हणून लिंगय्या चिलवेरी.
वॉर्ड नऊ, खाट अकरा, बावीस वर्षांपूर्वी.
मी पहिल्या वर्षाला, वाशिमहून आलेली,
हातात पेन आणि पेनावर फार विश्वास.
साडेसातला इन्सुलिन लिहिलं. सिस्टरनं दिलं.
लिफ्ट बंद पडली होती;
जेवणाची गाडी खालीच, भात निवत.
सव्वानऊला तो माझी बाही धरून म्हणाला,
कळ्ळु तिरुगुतुन्नाय.
पुन्हा म्हणाला.
मी केसपेपरवर लिहिलं:
रुग्ण असंबद्ध बोलतो.

तो अगदी संबद्ध बोलत होता.
डोळे फिरतायत, एवढंच सांगत होता,
त्याच्या आईच्या भाषेत.
गुरुबाई हत्तुरे सिस्टर दाराशी होत्या, घरात कानडी,
पण तेलुगू शेजारात आयुष्य गेलेलं.
त्यांनी मला बाजूला सारलं, अगदी हातानं सारलं,
पंचवीस टक्के ग्लुकोजचं इंजेक्शन फोडलं.
मीटरवर एकतीस.
मी तो आकडा आधी तारीखच समजले.

दहा मिनिटांनी त्यानं डोळे उघडले.
घामानं चिंब झालेली चादर दोन बोटांत धरून पाहिली,
आणि ओशाळून, मराठीत:
भिजवली की हो.
मग जरा वेळानं,
ही आमच्या मागावरची नाही. सूत कच्चं आहे.

ते पान अजून माझ्याकडे आहे.
असंबद्ध या शब्दाखाली
नंतर कुणीतरी निळ्या शाईनं रेघ ओढलीय.
गुरुबाई निवृत्त होईपर्यंत
ती रेघ कुणाची, मी विचारलं नाही.

शेवटच्या स्लाइडवर तक्ता नाही.
आकलि: भूक.
चेमटलु: घाम.
कळ्ळु तिरुगुतुन्नाय.
खाली कानडी: हसिवु. तली तिरगाकत्तैति.
चाळीस गळे एकदम म्हणतात,
चुकतात, हसतात, पुन्हा म्हणतात.
नंदुरबारची उर्जिता पाडवी हात वर करते:
मॅडम, आमच्याकडे यासाठी वेगळाच शब्द आहे.
तो मी फळ्यावर लिहून घेते,
ती माझी वेलांटी सुधारते.

आणि एक, वहीत लिहू नका, तोंडात बसवा:
सुई भरण्याआधी दारात जाऊन विचारायचं,
जेवणाची गाडी आली का?
मामांना विचारायचं. मान खाली घालून नाही, नीट.

काही शंका?
सगळ्यात मागचा मुलगा उठतो,
चटणीचा पुडा त्याचाच निघतो.
मॅडम, वॉर्डात पट्ट्या संपल्यात.
स्टोअरवाले सोमवारी म्हणतायत.

आज गुरुवार.
मी पर्समध्ये हात घालते.
माझ्या स्वतःच्या मीटरच्या डबीत
अठरा आहेत.